बटण कोणाचं?

पडद्यावर बटण दिसतं. ते कोणी काढलं, हा प्रश्न दाबणाऱ्याला पडत नाही. पडू नये यासाठीच टूलकिट असतं: बटणं, मेन्यू, खिडक्या काढून देणारी तयार सामग्री.

*

दोन भाषांमधल्या टूलकिटांची तुलना करायला बसलं की माणूस आधी कोष्टक आखतो. डावीकडे जावा, उजवीकडे पायथन. खाली वेग, रूप, शिकायला लागणारा वेळ, परवाना. कोष्टक भरतं आणि काहीच हाती लागत नाही. दोन्हीकडे बटण आहे, दोन्हीकडे मेन्यू आहे, दोन्हीकडे बटण दाबलं की काहीतरी घडतं.

भाषा कुठे संपते आणि यंत्र कुठे सुरू होतं, ती वेस मात्र दोघींनी वेगवेगळ्या जागी आखली आहे. तुलना करायची तर वेशीवर जाऊन उभं राहावं. भांडणंही तिथलीच आहेत.

*

सन मायक्रोसिस्टिम्सने जावा १९९५ साली जाहीर केली. पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ची. सोबत वचन होतं: एकदा लिहा, कुठेही चालवा.

बेरीज-वजाबाकीपुरतं हे वचन पाळणं सोपं होतं. दोन अधिक दोन सगळ्या यंत्रांवर चारच. बटण मात्र प्रत्येक यंत्राचं वेगळं.

*

त्या पहिल्या आवृत्तीतलं टूलकिट म्हणजे एडब्ल्यूटी. जावातल्या प्रत्येक बटणामागे विंडोज, मॅक किंवा युनिक्सवरच्या मोटिफचं खरंखुरं बटण उभं असायचं. जावा वरून हुकूम सोडायची, राबायचं खालच्याने. अडचण अशी की तिन्हीकडे जे सापडेल तेवढंच वर देता येई. तक्ता नाही. फांद्या उलगडणारी यादी नाही. सगळ्यांना मान्य होतं ते नेहमी सगळ्यांत थोडं असतं.

आणि जे होतं तेही एकसारखं वागत नसे. प्रोग्रामरांनी वचनाची वात्रट आवृत्ती लगेच काढली: एकदा लिहा, सगळीकडे चुका शोधा.

*

मग जावाने पवित्रा बदलला. नेटस्केपने स्वतःची एक जावा लायब्ररी काढली होती. सन आणि नेटस्केप एकत्र आले आणि डिसेंबर १९९८मध्ये जावा १.२सोबत स्विंग आलं. स्विंगने खालच्या यंत्राकडे फक्त रिकामी विंडो मागितली. आतलं बटण, त्याची सावली, दाबल्यावर ते आत जाण्याचा आभास, सगळं स्वतः रंगवलं.

आता बटण सगळीकडे सारखं दिसू लागलं. म्हणजे सगळीकडेच परकं.

यावरही उपाय होता: ज्या यंत्रावर असाल त्याच्यासारखा चेहरा लावा. स्विंगमध्ये चेहरे बदलता येतात, आणि ही सोय खरोखर हुशारीची आहे. पण नक्कल करणाऱ्याला मूळ माणसाने कपडे बदलल्याची खबर उशिरा लागते. विंडोज एक्सपी २००१ साली नव्या रूपात आलं. स्विंगला तो चेहरा मिळाला २००३च्या १.४.२ आवृत्तीत. मधल्या काळात जावाचे प्रोग्राम नव्या घरात जुन्या अंगरख्यात वावरत होते.

*

स्विंगमधल्या बटणाचं नाव 'जेबटन'. नुसतं 'बटन' एडब्ल्यूटीने आधीच घेतलं होतं, आणि जुनं मोडायचं नाही असा जावाचा बाणा. वंशावळ पाहिली तर हे जेबटन एडब्ल्यूटीच्या 'कंटेनर'चं पणतवंड निघतं. कंटेनर म्हणजे इतरांना पोटात घेणारा. त्यामुळे स्विंगमध्ये बटणाच्या आत बटण ठेवता येतं. हे कोणाला हवं होतं, विचारू नये. वारसाहक्कात विहीर मिळते तशी विहिरीतली भुतंही.

*

२००१च्या सुमारास एक्लिप्स या प्रोग्राम लिहायच्या साधनासोबत आयबीएमने एसडब्ल्यूटी आणलं आणि काटा पुन्हा उलटा फिरवला: खरं बटण यंत्राचंच घ्या, यंत्राकडे नसेल तेवढंच स्वतः काढा. पुढे जावाएफएक्स आलं, ते पुन्हा स्वतः रंगवणारं. त्याची कथा थोडक्यात आटपते. २००८मध्ये ते स्वतःची वेगळी भाषा घेऊन आलं, २०११मध्ये ती भाषा टाकून दिली, पुढे जावाच्या मुख्य संचात शिरलं, आणि २०१८च्या जावा ११पासून त्या संचातून बाहेर पडलं. टाकाऊ म्हटलं जाणारं स्विंग अजून आत आहे.

मागून आणा, स्वतः काढा, मागून आणा, स्वतः काढा. वीसेक वर्षांत जावाने एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आलटून पालटून दिली. हे चंचलपण नव्हे. दोन्ही उत्तरं अर्धी बरोबर असली की माणूसही असाच वागतो.

*

पायथनने हा प्रश्न अंगावर घेतलाच नाही.

ग्विडो व्हान रोसम यांनी पायथन १९९१ साली लोकांसमोर ठेवली. त्याच सुमारास बर्कलीत जॉन आउस्टरहाउट यांची टिकल ही छोटी भाषा आणि तिच्यासोबतचं टी-के हे टूलकिट तयार होत होतं. आउस्टरहाउट चिप आखण्याची साधनं बनवत. प्रत्येक साधनासाठी नवी, घाईत केलेली, कच्ची आज्ञाभाषा लिहावी लागे. त्याचा कंटाळा आला म्हणून कुठल्याही साधनात बसवता येईल अशी एकच भाषा त्यांनी केली. टी-के हे तिचं खिडक्या काढणारं अंग. पायथनकरांनी ते पाहिलं आणि वरून एक पातळ थर चढवला: टीकिंटर. स्टीन लुमहोल्ट आणि ग्विडो यांच्या हातचा.

थर किती पातळ? टीकिंटरच्या प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात आजही टिकलचा दुभाषा जिवंत बसलेला असतो. तुम्ही पायथनमध्ये बटण मागता, पायथन ते टिकलला सांगते, टिकल टी-केला, टी-के काढतं. चूक झाली की मात्र शिष्टाचार गळून पडतो आणि 'टीसीएल एरर', म्हणजे टिकलची चूक, असं तोंडावर येतं. ज्या भाषेत आपण एक ओळही लिहिली नाही, तिच्या व्याकरणाबद्दल बोलणी खावी लागतात.

आयत्या बिळावर नागोबा, असं कोणी म्हणेल. म्हणू द्यावं. बीळ खणणं आपलं काम नाही हे नागोबाला ठाऊक असतं, याचं श्रेय मात्र त्याला कोणी देत नाही.

*

पुढे पायथन हेच करत गेली. एडिनबरोत १९९२ साली ज्युलियन स्मार्ट यांनी सुरू केलेली डब्ल्यूएक्स लायब्ररी, नॉर्वेच्या ट्रोलटेकची क्यूटी, गिम्प या चित्रांच्या प्रोग्रामसाठी जन्मलेलं जीटीके: सगळी सी किंवा सी++मध्ये लिहिलेली, सगळ्यांना पायथनने आपल्या ओसरीवर जागा दिली. 'पायथनचं टूलकिट कोणतं?' या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. पाहुणा कोणता, एवढंच विचारता येतं.

माहेरची लकब मात्र जात नाही. पायथनची शिस्त नावातले शब्द अधोरेषेने जोडायची. क्यूटी आली ती मधलं अक्षर मोठं करण्याची सवय घेऊन. एकाच पानावर दोन्ही वळणं नांदतात. अडलं की कागदपत्रं सी++ची वाचावी लागतात आणि मनातल्या मनात पायथन करावी लागते. अनेक जण त्यामुळेच थोडी सी++ शिकले. कोणी मुद्दाम शिकवली असती तर पळून गेले असते.

*

बटण दाबल्यावर काय करायचं, हे बटणाला सांगून ठेवावं लागतं.

पायथनमध्ये फंक्शनचं नाव देतात. झालं.

जावात कित्येक वर्षं फंक्शन असं नुसतं कोणाच्या हाती देताच येत नसे. त्याला आधी एका वर्गाच्या चौकटीत बसवावं लागे. १९९७च्या जावा १.१मध्ये कान देऊन बसणाऱ्या 'लिसनर'ची पद्धत आली, आणि त्याच आवृत्तीत वर्गाच्या पोटात वर्ग लिहायची सोयही आली. 'जतन कर' एवढं सांगण्यासाठी पाच ओळींचा नमस्कार-चमत्कार. तो २०१४च्या जावा ८पर्यंत चालला. मग लॅम्डा, म्हणजे बिननावाची छोटी फंक्शनं, आले आणि पाचाची एक ओळ झाली.

*

पायथनचा हा मोकळेपणा कुठे चावतो, ते कॅल्क्युलेटर करू पाहणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला कळतं. शून्य ते नऊ अशी दहा बटणं हवीत. शहाणा मुलगा दहा वेळा लिहीत बसत नाही. लूप लावतो, आत प्रत्येक बटणाला एक छोटा लॅम्डा देतो. खिडकी उघडते, आकडे नीट ओळीत. दोन दाबा: नऊ. पाच दाबा: नऊ. दहाही बटणं नऊच म्हणतात.

लॅम्डाने आकडा धरून ठेवलेलाच नसतो. धरलेलं असतं नाव. बटण दाबलं जाईपर्यंत लूप कधीच संपलेला असतो आणि त्या नावाखाली शेवटचा आकडा उरलेला असतो.

जावात हाच प्रकार लिहून पाहा. कंपायलर आत जाऊच देत नाही: बदलणारी गोष्ट आतल्या कामासाठी धरून ठेवता येणार नाही, ती कायम केलेली हवी. नियम जाचक वाटतो, चिडचिड होते, एक जास्तीचं नाव ठेवावं लागतं. मग दोन दाबलं की दोन.

कटकट आणि काळजी यांचा आवाज लांबून सारखाच येतो.

*

आता वेशीवरची खरी गोष्ट.

दोन्ही भाषा मेमरीची झाडलोट स्वतः करतात. जे कोणी वापरत नाही ते उचलून फेकतात. प्रोग्रामरने त्याचा विचार करू नये, हेच तर त्यांचं मोठं आमिष. पण झाडणारी बाई आपल्याच घरातलं झाडते. अंगण शेजाऱ्याचं असलं की घोळ होतो. आणि बटण, चित्र, फॉन्ट या वस्तू अर्ध्या घरात, अर्ध्या अंगणात असतात.

टीकिंटरमध्ये फंक्शनच्या आत एक चित्र उघडा आणि लेबलवर लावा. खिडकी येते, लेबल येतं, चित्र नाही. चूक नाही, सूचना नाही, नुसती रिकामी जागा. घडलेलं असं: फंक्शन संपलं, पायथनच्या दृष्टीने त्या चित्राला कोणी धरून नाही, तिने ते टाकलं आणि टाकताना टी-केलाही पुसायला सांगितलं. टी-के ते चित्र पडद्यावर दाखवत होतं. पण टी-के धरून आहे हे पायथनच्या वहीत नोंदलेलंच नाही. उपाय म्हणून लोक ते चित्र लेबललाच एक गुणधर्म म्हणून चिकटवून ठेवतात. ती ओळ काहीच करत नाही. फक्त विसरू देत नाही. पायथनच्या जगात सर्वाधिक वेळा समजावून सांगितलेल्या निरुद्योगी ओळींत तिचा नंबर वरचा असावा.

एसडब्ल्यूटीमध्ये नेमकं उलट. तिथे फॉन्ट आणि चित्रं विंडोजकडून उसनी आणलेली. जावाची झाडलोट त्यांना हात लावत नाही, कारण ती जावाची नव्हेत. तुम्हीच आणलीत, तुम्हीच परत करा, असा तिथला कायदा. जावा शिकताना ज्याला 'मेमरीचं तू बघू नकोस' सांगितलं गेलं, तो अर्थातच परत करत नाही. प्रोग्राम सकाळी छान चालतो, दुपारी जड होतो. विंडोज एका प्रोग्रामला चित्रकामाच्या अशा वस्तू सहसा १०,००० देते. त्या संपल्या की एसडब्ल्यूटी सांगतं: 'नो मोअर हँडल्स', आणि कोसळतं.

एका भाषेने लवकर पुसलं, दुसरीने पुसलंच नाही. मूळ एकच: दोन संसारांच्या मधल्या वस्तूचा हिशेब एकाच्याच वहीत.

*

मोफत मिळालेल्या निश्चिंतीची पावती जपून ठेवावी.

*

एका जागी मात्र दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतात. अनेक कामगार एकाच वेळी एकाच खिडकीला हात लावू पाहतात तेव्हा.

एडब्ल्यूटीची मूळ उमेद अशी होती की अशा कुठल्याही कामगाराने, म्हणजे थ्रेडने, कुठूनही बटण बदलावं. स्विंगने ती सोडली आणि नियम केला: खिडकीला हात लावणारा थ्रेड एकच. सनचे ग्रॅहॅम हॅमिल्टन यांनी २००४ साली या फसलेल्या स्वप्नाचं कारण लिहून ठेवलं आहे, आणि ते इतकं साधं आहे की आधी सुचायला हवं होतं असं वाटतं. माउसची टिचकी खालून वर येते: यंत्राकडून टूलकिटाकडे, टूलकिटाकडून प्रोग्रामकडे. प्रोग्रामचा हुकूम वरून खाली जातो. दोघंही वाटेतली कुलपं लावत जातात, पण उलट्या क्रमाने. मध्ये गाठ पडते. प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याला हवी असलेली किल्ली, आणि दोघंही सभ्यपणे वाट पाहत उभे. जन्मभर.

म्हणून स्विंगमध्ये 'इन्व्होक लेटर', टीकिंटरमध्ये 'आफ्टर', क्यूटीत सिग्नल. तिन्हींचा अर्थ: आत्ता नाही, चिठ्ठी ठेव, खिडकीचा माणूस मोकळा झाला की करेल. आणि त्या माणसाला लांब कामात गुंतवलं की खिडकी गोठते, वर 'प्रतिसाद देत नाही' अशी पाटी लागते. ती पाटी पाहून आपण आणखी चार वेळा टिचकी मारतो. त्याही चिठ्ठ्या रांगेत लागतात.

टूलकिट कोणतंही असो, खिडकीवर बसलेला कारकून एकच असतो.

*

मांडणीबद्दल दोघींचं मत एक: ठिपके मोजून बटण ठेवू नये. दुसऱ्या यंत्रावर फॉन्ट बदलतो, 'ओके'च्या जागी 'ठीक आहे' येतं, आणि मोजलेलं सगळं वाया जातं. नाती सांगावीत: हे त्याच्या खाली, ते उरलेल्या जागेत.

नाती सांगायची म्हणजे काय, याबद्दल मात्र मत एक नाही. जावाचं ग्रिडबॅगलेआउट प्रत्येक वस्तूबद्दल अकरा गोष्टी विचारतं: कुठल्या स्तंभात, कुठल्या ओळीत, किती रुंद, किती उंच, जास्तीच्या जागेतला वाटा आडवा किती, उभा किती, टेकायचं कुठे, ताणायचं का, बाहेर मोकळी जागा किती, आत किती आणि किती. लग्नाच्या बोलणीतही इतकं विचारत नाहीत.

टी-केचं 'पॅक' विचारतं: कोणत्या बाजूला चिकटवू? बाकी ते बघून घेतं. टी-केत 'ग्रिड'ही आहे. पण एकाच चौकटीत दोघांना कामाला लावलं की पूर्वी गंमत व्हायची. पॅक जागा ठरवी, त्यामुळे चौकटीचं माप बदले. माप बदललं म्हणून ग्रिड पुन्हा जागा ठरवी. त्यामुळे माप बदले. खिडकी उघडतच नसे. दोघंही समंजस, दोघंही दुसऱ्याला सामावून घ्यायला तयार, म्हणूनच निकाल लागत नसे. आता टी-के सुरुवातीलाच नकार देतं: इथे आधी पॅक आहे, ग्रिड चालणार नाही.

*

देवनागरीपाशी आलं की वेस उघडी पडते.

'कि' लिहिताना मेमरीत आधी क, मग इकार. पडद्यावर आधी इकार, मग क. 'क्षि' डोळ्यांना एक. जावा आणि पायथन दोघीही लांबी मोजून चार सांगतात. क, हलन्त, ष, इकार. म्हणजे अक्षरं आलेल्या क्रमाने छापून चालत नाही. कोणीतरी मध्ये बसून त्यांची मोडतोड आणि जुळवाजुळव करावी लागते. ते कोण करणार, हा पुन्हा तोच प्रश्न: बटण कोणी काढायचं?

जो यंत्राकडून बटण मागून आणतो त्याला देवनागरी यंत्राबरोबर फुकट मिळते. यंत्राला येत असेल तर. विंडोजवरचं टी-के मराठी नीट दाखवतं, कारण जुळवाजुळव विंडोज करतं. तेच टी-के ८च्या काळात लिनक्सवर नेलं की अक्षरं सुटी, हलन्त उघडे, इकार व्यंजनाच्या मागे लोंबणारा. एकच प्रोग्राम, एकच ओळ, एका यंत्रावर साक्षर, दुसऱ्यावर निरक्षर. ते पाहून माणूस आधी फॉन्टला शिव्या देतो. फॉन्ट निर्दोष असतो.

स्विंग सगळं स्वतः काढतं, म्हणून देवनागरीही जावाला स्वतः शिकावी लागली. ती आली तेव्हा सगळ्या यंत्रांवर एकदम आली. हा स्वावलंबनाचा खरा फायदा, आणि तुलनेच्या कोष्टकांत मी तो क्वचितच पाहिला आहे. इंग्रजीत काम करणाऱ्याला अक्षर काढणं हा प्रश्नच वाटत नाही. त्याच्या कोष्टकात तो रकाना कुठून येणार?

पुढची गोष्ट जास्त मजेची. २०१७च्या जावा ९ने अक्षरं जुळवायचं काम हार्फबझ या लायब्ररीकडे सोपवलं. क्यूटीतही तीच, जीटीकेतही तीच, क्रोम आणि फायरफॉक्समध्येही तीच. बटण स्वतः काढीन म्हणणारी जावा त्यावरचं अक्षर शेवटी सगळ्यांसारखं सामायिक विहिरीतून आणते. आणि बरंच झालं. जोडाक्षरं प्रत्येकाने वेगवेगळी शोधून काढण्यात कसला आलाय स्वाभिमान.

तरी मराठी माणसाचे ल आणि श उरतातच. फॉन्टात मराठी वळणाचे आकार असतात, पण हा मजकूर हिंदी नसून मराठी आहे असं कोणीतरी हार्फबझला कळवावं लागतं. ते काम टूलकिटाचं, टूलकिटाला कळवायचं काम प्रोग्रामरचं, आणि प्रोग्रामरला कळवायचं काम वापरणाऱ्याचं. वापरणारा कळवत नाही. त्याला वाटतं, संगणकात ल असाच असतो.

बटणाची उंची ठिपक्यांत पक्की केली की आधी कापला जातो तो उकार. मग मात्रा. 'पूर्ण'चा रफार आणि दीर्घ उकार दोन्ही वाचले तर तो प्रोग्राम लिहिणाऱ्याला देवनागरी येते असं खुशाल समजावं.

*

भाषेचा दोष किती आणि टूलकिटाचा किती, हे वेगळं करून पाहायची एक सोय होऊन गेली आहे. १९९७ साली जिम ह्युगुनिन यांनी जावाच्या यंत्रावर चालणारी पायथन केली. पुढे ती जायथन झाली. तिच्यातून थेट स्विंग वापरता येतं. तेच जेबटन, तीच वंशावळ. पण बटण घडवतानाच कंसात त्याचं नाव आणि दाबल्यावर चालवायचं फंक्शन लिहून टाकायचं. ओळी भराभर गळतात. ज्या कंटाळ्याचं खापर आपण स्विंगवर फोडत होतो, त्याचा मोठा भाग जावाच्या व्याकरणाचा होता. ग्रिडबॅगलेआउट मात्र जायथनमध्येही ग्रिडबॅगलेआउटच राहतं.

जायथन पायथन २.७पाशी अडकली. चांगले प्रयोग असेच अर्ध्यावर निकाल देऊन थांबतात.

*

आणखी एक गमतीची नोंद. पायथन लिहिणारे कितीतरी लोक ज्या पायचार्म या एडिटरमध्ये बसून लिहितात, त्याच्या खिडक्या स्विंगच्या आहेत. म्हणजे 'जावाचं जुनाट टूलकिट कोण वापरतं आता' असं म्हणत जो टीकिंटरची ओळ लिहितो, तो ती स्विंगच्या खिडकीत लिहितो. स्विंग इतकं चांगलं घासूनपुसून वापरलं आहे की ते ओळखूच येत नाही. टूलकिटांची निंदा बहुतेक वेळा त्यांच्या आळशी वापरावर बेतलेली असते. अँड्रॉइड स्टुडिओही पायचार्मच्याच घराण्यातला.

दुसऱ्या बाजूला कॅलिबर पाहावं. ई-पुस्तकांचं कपाट लावणारा हा प्रोग्राम कोविद गोयल यांनी २००६मध्ये सुरू केला. पायथन आणि क्यूटी. पायथनच्या ओसरीवरच्या पाहुण्याने वर्षानुवर्षं घर सांभाळल्याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

*

उसनवारीचा कागद वाचावा लागतो. क्यूटीला पायथनमध्ये आणणाऱ्या दोन लायब्ऱ्या आहेत, पायक्यूटी आणि पायसाइड, आणि त्या जुळ्यांसारख्या दिसतात. पायक्यूटी आधीची, एका छोट्या कंपनीची: तुमचाही कोड खुला करा, नाहीतर पैसे भरा. ट्रोलटेक नोकियाने घेतली तेव्हा नोकियाला अधिक सैल परवाना हवा होता. बोलणं जमलं नाही. २००९मध्ये पायसाइड निघाली. तांत्रिक कारण शून्य. दोन सारख्या गोष्टी शेजारी शेजारी दिसल्या की मधली भिंत बहुधा वकिलाने बांधलेली असते.

स्विंग वापरणाऱ्याला हा ताप नाही. जावासोबत येतं, जावासोबत राहतं. टीकिंटरही पायथनसोबत येतं असं पुस्तकं सांगतात. उबुंटूवर मात्र ते वेगळं मागून घ्यावं लागतं.

*

आता बरेच जण या दोघींनाही वळसा घालतात. प्रोग्रामसोबत अख्खा ब्राउझर बांधून देतात आणि खिडकी वेबपानाची करतात. इलेक्ट्रॉनने ही वाट रुळवली. स्विंगचीच कल्पना ती, फक्त अवाढव्य: यंत्राकडून रिकामी विंडो घ्या, आत सगळं स्वतः रंगवा. देवनागरी उत्तम दिसते. चार बटणांच्या प्रोग्रामसाठी शेकडो मेगाबाइट मेमरी लागते, आणि एडब्ल्यूटीच्या काळात जावाला 'जड' म्हणून हसलेले लोक आता त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

*

कोणतं घेऊ, असं विचारणारे असतातच. त्यांना स्वभावाच्या गोष्टी नको असतात आणि त्यांचं बरोबर आहे. दुपारपुरतं, स्वतःपुरतं काही हवं असेल तर टीकिंटर. चित्र लेबलला चिकटवून ठेवा. कार्यालयात आधीच जावा असेल आणि पुढची दहा वर्षं कोणी कोडला हात लावणार नसेल तर स्विंग. ते तसंच चालत राहील. एक्लिप्सच्या कुळात काम असेल तर एसडब्ल्यूटी, आणि घेतलेलं परत करायची सवय आधीपासून लावा. मराठी मजकूर भरपूर असेल, लिनक्सवरही चालवायचं असेल आणि पायथन सोडायची नसेल, तर क्यूटी घ्या. पायक्यूटी की पायसाइड, ते परवाना वाचून ठरवा. आणि काहीही घेतलं तरी गिऱ्हाइकाच्या यंत्रावर 'पूर्ण' एकदा लिहून बघा.